पेज किती दिवस आणि भाकरी कधीपासून? डायव्हर्टिक्युलायटिसवरची तुमची पत्रं

मागच्या अंकात मोठ्या आतड्याच्या आजारांवर लिहिताना डायव्हर्टिक्युलायटिसबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्या चार ओळींवरच. सगळी पत्रं वाचली. बहुतेकांचा गोंधळ एकच आहे. दुखण्याच्या दिवसांतलं पथ्य आणि बरं झाल्यावरचं पथ्य ही दोन वेगळी, खरं तर एकमेकांच्या अगदी उलट पथ्यं आहेत, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, औषधं आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण ताटात काय वाढायचं ते मी सांगू शकते, आणि हा आजार आमच्या घरात होऊन गेलाय त्यामुळे जरा सविस्तरच सांगणार आहे.

ताई नमस्कार. माझ्या मिस्टरांना (वय ६१) तीन महिन्यांपूर्वी पोटात डाव्या बाजूला खाली खूप दुखायला लागलं, ताप आला. सीटी स्कॅनमध्ये डायव्हर्टिक्युलायटिस निघालं. चार दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक, मग घरी सोडलं. सुट्टी देताना 'मऊ खा' म्हणाले. तेव्हापासून मी मऊ भात, मुगाच्या वरणाचं पाणी आणि साबुदाण्याची खीर एवढंच देते. भाकरी दिली तर परत दुखेल अशी भीती वाटते. वजन ७ किलोने उतरलंय आणि शौचाला खडा होतो. काय करू? – एक वाचक, सांगली

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझे वडीलच आठवले. त्यांचंही असंच झालं होतं. दवाखान्यातून घरी आले, कुणीतरी 'पोटाला जड काही नको' म्हणालं आणि आईने ते इतकं मनावर घेतलं की पाच महिने त्यांच्या ताटात भात आणि मुगाचं पाणी सोडून काही आलंच नाही. नव्वद टक्के प्रेम आणि दहा टक्के भीती. वजन उतरलं, कुंथायला लागायचं आणि सहाव्या महिन्यात परत तेच दुखणं. मी तेव्हा शिकत होते, मलाही पुरेसं कळत नव्हतं, आणि ती गोष्ट मला अजून लागून राहिलीय, म्हणून हे लिहितेय.

आधी आजार नक्की काय ते बघा. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे स्नायूचा थर कमजोर असतो. वय वाढलं, आतला दाब वाढला की त्या जागी आतलं अस्तर बाहेर फुगतं, जुन्या सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना, तसं. या छोट्या पिशव्यांना डायव्हर्टिक्युला म्हणतात. नुसत्या पिशव्या असणं हा काही मोठा घोर नाही, अशा पिशव्या असलेल्या २० माणसांत जेमतेम एखाद्यालाच कधी सूज येते, पुष्कळांना तर त्या आहेत हे माहीतही नसतं. त्यातली एखादी सुजली की ते डायव्हर्टिक्युलायटिस. पाश्चात्य देशांत हे बहुधा डाव्या बाजूला खाली होतं, आपल्याकडे आशियात उजव्या बाजूलाही बऱ्याच जणांना होतं आणि मग अपेंडिक्स समजून गोंधळ होतो.

सूज असते तेव्हा आतड्याला विश्रांती द्यायची, म्हणून आधी पातळ, मग मऊ. पण हे दिवसांचं पथ्य आहे, महिन्यांचं नाही! दुखणं आणि ताप गेला, भूक लागायला लागली की दोन-तीन आठवड्यांत माणूस हळूहळू रोजच्या जेवणावर यायला पाहिजे. आणि त्या रोजच्या जेवणात चोथा, म्हणजे फायबर, नेहमीपेक्षा कमी नको, जास्तच हवं. मऊ भात आणि साबुदाण्यात चोथा जवळजवळ नाही. त्यामुळे शौचाला खडा होतो, खडा झाला की कुंथावं लागतं, आतला दाब वाढतो, आणि ज्या गोष्टीला आपण घाबरत असतो तीच गोष्ट आपण रोज थोडीथोडी घडवत असतो.

१९७१ मध्ये नील पेंटर आणि डेनिस बर्किट या दोन सर्जननी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की हा आजार चोथा काढून टाकलेल्या पाश्चात्य जेवणाचा आहे. बर्किट युगांडात बरीच वर्षं होते, तिथल्या भरड धान्य खाणाऱ्या लोकांत त्यांना तो फारसा दिसला नव्हता. पिशव्या तयार व्हायला चोथ्याची कमतरता किती कारणीभूत यावर डॉक्टरांत आजही वाद आहे, पण पुरेसा चोथा खाणाऱ्यांना सूज येण्याचा धोका कमी असतो हे नंतर मोठ्या अभ्यासांतही दिसलं.

आता मिस्टरांचं. आधी डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा: सूज पूर्ण गेलीय ना, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, कधी करायची. दुखणं गेल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी ती करायला सांगतात, कारण स्कॅनमध्ये कॅन्सरची गाठ आणि ही सूज कधीकधी सारखी दिसते. सूज असताना करत नाहीत, आतड्याला छिद्र पडायची भीती असते. तुमचे तीन महिने झालेत म्हणजे ते राहून गेलंय का ते बघा. आणि ७ किलो वजन उतरलंय हेही त्यांना स्पष्ट सांगा, ते फक्त जेवणामुळे आहे असं आपण घरी बसून ठरवायचं नाही.

डॉक्टर हो म्हणाले की पहिल्या आठवड्यात भात तोच ठेवा पण वरण घट्ट करा, पाणी नाही, डाळ. सोबत दुधी, लाल भोपळा, साल काढलेला दोडका, पिकलेली पपई किंवा केळं. दुसऱ्या आठवड्यात नाचणीची आंबील, आणि ज्वारीची अर्धी भाकरी आमटीत नाहीतर ताकात कुस्करून, मेथी किंवा चाकवत बारीक चिरून नीट शिजवलेली. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण भाकरी, मोड आलेल्या मुगाची उसळ अर्धी वाटी, गाजराची कोशिंबीर. पोट थोडं फुगेल, गॅस होईल, त्याला घाबरू नका, इतके दिवस सवय नव्हती आतड्याला. जास्तच झालं तर एक पायरी मागे या, चार दिवस थांबा, परत पुढे जा. ताप आला किंवा तेच जुनं दुखणं आलं तर मात्र थांबायचं आणि डॉक्टर.

एक हिशेब सांगते म्हणजे भीती जाईल. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर असतं, पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमच्याही आत. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पोटात जायला हवं. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, दोन भाज्या, एक फळ, झालं! हे काही परदेशी डाएट नाही, तुमच्या सासूबाई जे जेवल्या तेच आहे. फक्त चोथा वाढवाल तसं पाणीही वाढवा, नाहीतर उलटा खडा होईल. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी किती ते डॉक्टरांना विचारून.

मला शेंगदाणे, तीळ, पेरू, टोमॅटो, वांगं, डाळिंब सगळं बंद करायला सांगितलंय, बी पिशवीत अडकते म्हणे. दाण्याचं कूट नाही तर आमच्या घरात भाजीच होत नाही. आयुष्यभर असंच का? – एक वाचक, जळगाव

नाही. दाण्याचं कूट घाला, वांग्याचं भरीत खा.

बी अडकते ही समजूत कित्येक वर्षं डॉक्टरसुद्धा सांगायचे, ऐकायला पटतेही, पिशवी आहे म्हणजे त्यात काहीतरी अडकणारच. पण तपासून बघितलं तेव्हा ते खरं निघालं नाही. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांना १८ वर्षं पाहिलं, ते काय खातात आणि कुणाला हा आजार होतो, आणि २००८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. दाणे-बदाम-अक्रोड आणि मक्याच्या लाह्या जास्त खाणाऱ्यांना आजार जास्त नाही, उलट थोडा कमीच झाला होता. बी अडकल्याचं काही दिसलं नाही.

तरी अजून ही यादी घराघरांत फिरतेय आणि तिच्यामुळे लोक नेमक्या चांगल्या गोष्टी सोडतात याचं मला फार वाईट वाटतं. एका मध्यम पेरूत ५ ग्रॅमच्या वर फायबर असतं, तो सोडायचा आणि खारी-बिस्कीट 'हलकं' म्हणून खायचं, हे कुठलं पथ्य! तीळ, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, सगळं चालतं. दात चांगले नसतील तर कूट करून खा, एवढंच. आणि अर्थात सूज असण्याच्या दिवसांत नाही, तेव्हा पेरूही नाही आणि भाकरीही नाही. एखादा विशिष्ट पदार्थ खाल्ला की तुम्हाला स्वतःला दर वेळी त्रास होत असेल तर तो तेवढा सोडा, शेजारणीला होतो म्हणून नको.

मी न्यू जर्सीला असते. आई (६६) सहा महिन्यांसाठी आलीय. तिला पोटात दुखलं, सीटी स्कॅन झाला, माइल्ड डायव्हर्टिक्युलायटिस म्हणाले आणि अँटिबायोटिक न देताच घरी पाठवलं, फक्त लिक्विड डाएट आणि पॅरासिटामॉल. नागपूरहून भाऊ रोज ओरडतोय की तिकडचे डॉक्टर काही करतच नाहीत, इकडून गोळ्या पाठवतो. मी काय करू? – एक वाचक, अमेरिका

भावाची काळजी खरी आहे पण गोळ्या पाठवू नका म्हणावं. डॉक्टरांनी काही केलं नाही असं नाहीये, त्यांनी स्कॅन करून बघितलं की सूज साधी आहे, गळू नाही, छिद्र नाही, आणि मग ठरवलं. स्वीडनमध्ये अशाच साध्या सूज असलेल्या ६२३ पेशंटवर प्रयोग झाला होता, २०१२ मध्ये छापून आला, निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना नाही, आणि बरं होण्यात फरक पडला नाही. नंतर नेदरलँड्समध्येही तसंच दिसलं. त्यामुळे आता अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे की साधी सूज आणि बाकी तब्येत धड असेल तर सरसकट अँटिबायोटिक नको.

पण हे 'बाकी तब्येत धड असेल तर' महत्त्वाचं आहे. आईला डायबिटिस आहे का, किडनीचा त्रास, स्टिरॉइडच्या गोळ्या, कॅन्सरचे उपचार, असं काही असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल तर आजच सांगा. परदेशात गेल्यावर आपले आईवडील अर्धी औषधं सांगतच नाहीत, 'ती काय नेहमीचीच' म्हणतात, हे मी पुष्कळदा बघितलंय. उलट्या होत असतील, ताप चढत असेल तरी निर्णय बदलतो.

लिक्विडमध्ये तिला तिकडचं जेली वगैरे जाणार नाही. वरणाचं वरचं निवळ पाणी गाळून, हिंग-मीठ घालून, वर फोडणी न देता. भाज्यांचं सूप गाळून. नारळपाणी, कोरा चहा, साखर-मिठाचं पाणी. दोन-तीन दिवसांत बरं वाटायला लागलं की पेज, मग मऊ भात आणि दही, मग मुगाची पातळ खिचडी. तीन ते पाच दिवसांत लिक्विडच्या पुढे जाताच येत नसेल, खाल्लं की दुखतंय, तर वाट बघू नका, परत दाखवा.

पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री चूर्ण घेतो, पंधरा वर्षं झाली. दर महिन्याला एकदा एरंडेल. सकाळी मिश्री लावल्याशिवाय होत नाही. आता रिपोर्टमध्ये डायव्हर्टिक्युलोसिस आलंय, पोटात दुखलं की घरचे म्हणतात एरंडेल घे मोकळं होईल. घेऊ का? – एक वाचक, बार्शी

काका, आधी सगळ्यात महत्त्वाचं. पोटात दुखत असताना एरंडेल, जुलाबाचं कुठलंही औषध किंवा घरी एनिमा, यातलं काहीही घेऊ नका. सुजलेल्या आतड्याला जोरात ढकलायचं नसतं, पिशवीला छिद्र असेल तर जिवावर बेतू शकतं. पोट लाकडासारखं कडक झालं, हात लावू देत नाही, थंडी वाजून ताप, सारख्या उलट्या, गॅससुद्धा सरत नाही, शौचातून रक्त, किंवा लघवीतून हवेचे बुडबुडे येतात, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होऊ द्यायची नाही, रात्रीच गाडी काढायची. लघवीतल्या बुडबुड्यांचं लोकांना सांगायला लाज वाटते, पण आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट पडलीय याची ती खूण असते.

आता रोजचं. रिपोर्टमध्ये 'ओसिस' आलंय, 'आयटिस' नाही, म्हणजे पिशव्या आहेत पण सूज नाही. घाबरू नका. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून हलवते, काही दिवसांपुरती ठीक पण पंधरा वर्षं हे काही चांगलं नाही. एकदम बंद करू नका, नाहीतर आठ दिवस काही होणार नाही आणि तुम्ही मलाच दोष द्याल. डॉक्टरांना विचारून इसबगोल सुरू करा, आधी एक छोटा चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायचं आणि वर अजून एक ग्लास पाणी. कोरडं कधीच खायचं नाही, घशात अडकतं. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. दोन आठवड्यांनी एक मोठा चमचा. मग चूर्ण दिवसाआड करा, मग दोन दिवसांआड.

मिश्री सोडायलाच हवी. ती तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरसाठी वेगळं सांगायला नको. सकाळी त्याऐवजी कोमट पाणी, आणि चहानंतर दहा मिनिटं अंगणात चाला. नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, त्या वेळेला शौचाला जायचं, कळ आली की थांबवून ठेवायची नाही. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या, गुडघे वर आले की कुंथावं लागत नाही.

दर एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, सगळे उपवास करते. एकदा डायव्हर्टिक्युलायटिस होऊन गेलंय. डॉक्टर म्हणतात उपवास सोडा. मन होत नाही. – एक वाचक, पंढरपूर

ताई, श्रद्धा सोडायला मी सांगणार नाही. पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच नाही आलेली, आपल्या उपवासाचा त्रास उपवासामुळे कमी आणि साबुदाण्यामुळे जास्त असतो. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, चोथा नाहीच, वर तूप, बटाटा, आणि दिवसभर पाणी कमी. दुसऱ्या दिवशी हमखास खडा. नवरात्रात हे नऊ दिवस सलग.

उपवासाला चालणाऱ्याच गोष्टी बदला. रताळं सालासकट उकडून, १०० ग्रॅममध्ये ४ ग्रॅमच्या आसपास फायबर. राजगिऱ्याची भाकरी, राजगिऱ्याचा लाडू, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ, भोपळ्याची भाजी, काकडी, आणि फळं सालासकट. ताक दोन वेळा. निर्जळी मात्र करू नका, ते मी स्पष्टच सांगते. दुखण्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने उपवास बंदच ठेवा, आजारी माणसाला आपल्याकडे सूट असतेच, तुमच्या आजीनेही आजारपणात तुम्हाला उपवास करू दिला नसता.

वय ३८, पुण्यात आयटीत आहे. वजन ९४ किलो. दिवसाचे दहा तास खुर्चीत, रविवारी मटण पक्कं आणि आठवड्यातही दोनदा. सिगरेट दिवसाला ५-६. मला हा म्हाताऱ्यांचा आजार कसा झाला? – एक वाचक, पुणे

म्हाताऱ्यांचाच आहे असं नाही, पन्नाशीच्या आतही होतो. तुम्ही लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूई बघितलं असेल तर ब्रॉक लेस्नर माहीत असेल. तिशीच्या सुरुवातीला, २००९ मध्ये, त्याला हाच आजार झाला, एवढा धिप्पाड माणूस पण आतड्याला छिद्र पडलं, आणि २०११ मध्ये परत होऊन आतड्याचा तुकडा काढावा लागला. त्याने स्वतःच सांगितलंय की त्याच्या जेवणात मांस भरपूर आणि भाजीपाला जवळजवळ नव्हताच.

सगळा दोष तुमचाही नाही, जुळ्यांवरच्या अभ्यासांत ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक दिसलाय. पण उरलेला वाटा आपल्या हातात आहे आणि तो मोठा आहे. मघाशी सांगितलेल्या अमेरिकेतल्याच पुरुषांच्या पाहणीत पाच सवयी तपासल्या: लाल मांस कमी, फायबर पुरेसं, दम लागेल असा व्यायाम, वजन आटोक्यात आणि सिगरेट नाही. त्यांचा हिशेब असा निघाला की सगळ्यांनी या पाचही पाळल्या तर जवळपास निम्म्या लोकांचा आजार टळला असता.

तुमचं पत्र वाचलं तर पाचपैकी चार तर नक्कीच तुमच्या विरोधात आहेत, आणि त्याचा चांगला अर्थ असा की कुठूनही सुरुवात केली तरी फायदा आहे. मी तुमच्या जागी असते तर सिगरेटपासून सुरू केलं असतं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत छिद्र पडणं, गळू होणं हे जास्त दिसतं. मटण महिन्यातून दोनदा करा, बाकी वेळा मासे किंवा चिकन, त्यांचा असा संबंध दिसलेला नाही. आणि मटणासोबत भात नाही, भाकरी आणि कांदा-काकडी. व्यायामाला फक्त रमतगमत चालणं पुरत नाही, घाम यायला हवा. पर्वती चढा की! आठवड्यातून चार दिवस, सुरुवातीला अर्ध्यातून परत आलात तरी चालेल. पण दुखणं ताजं असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी.

गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेते. चालेल का? – एक वाचक, चिपळूण

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या प्रकारच्या गोळ्या नियमित घेतल्या तर डायव्हर्टिक्युलायटिस आणि पिशवीतून रक्तस्राव दोन्हीचा धोका वाढतो. मेडिकलमधून परस्पर आणणं आजपासून बंद करा, पाकिटावरचं नाव बघा, बऱ्याच मिक्स गोळ्यांत आयब्युप्रोफेन असतं. पॅरासिटामॉल, शेक, मांडीचे व्यायाम यावर भागतंय का ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र ती आपल्या मनाने अजिबात बंद करू नका.

मी एसटीत वाहक आहे. ड्युटीवर पाणी पीत नाही कारण जायचं कुठे? काही स्टँडवरचं शौचालय वापरण्यासारखं नसतं, काही ठिकाणी गाडी थांबतच नाही. शौचाची कळ आली तरी घरी येईपर्यंत दाबून ठेवते. मार्चमध्ये डायव्हर्टिक्युलायटिससाठी ॲडमिट होते. सगळे म्हणतात पाणी पी, फायबर खा. कसं जमवू? – एक वाचक, बीड जिल्हा

ताई, 'भरपूर पाणी प्या' लिहिणारे आम्ही लोक टेबलापासून वीस पावलांवर स्वच्छ संडास असलेल्या ऑफिसात बसतो. तुमचा प्रश्न सवयीचा नाहीच, सोयीचा आहे. मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' ची चळवळ २०११ मध्ये सुरू केली ती याचसाठी, आणि वाहक, ट्रॅफिक पोलीस, बाजारात बसणाऱ्या, शेतमजूर बायका, सगळ्यांचं आतडं आणि मूत्राशय या एका गोष्टीपायी खराब होतंय हे डॉक्टरांनीही मोठ्याने बोलायला हवं. तुमच्या युनियनमध्ये हे लेखी द्या, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून द्या.

तोवर काय करता येईल ते तुमच्या ड्युटीच्या वेळा धरून सांगते. पाणी एकदम न पिता विभागून. पहाटे उठल्याबरोबर दोन ग्लास आणि ड्युटीच्या आधी किमान पाऊण तास हातात ठेवा, चहा आणि थोडं काही खाल्ल्यावर घरीच पोट मोकळं व्हायला वेळ द्या. ही वेळ घरच्यांनी तुम्हाला दिली पाहिजे, त्या पाऊण तासात डबे आणि चूल दुसऱ्या कुणीतरी बघावी. गाडीत एकेक घोट. जिथे शौचालय बऱ्यापैकी आहे असा तुमच्या रूटवरचा एक स्टँड ठरवा, त्याच्या आधीच्या तासात जास्त प्या. घरी आल्यावर लगेच दोन ग्लास, जेवणानंतर ताक.

डब्यात चपातीऐवजी बाजरी किंवा ज्वारीची भाकरी, पालेभाजी किंवा मटकीची उसळ, वडापाव-भजी यांच्या जागी एक पेरू किंवा सीताफळ, जे तुमच्याकडे मिळतं ते. इसबगोल ड्युटीच्या दिवशी घेऊ नका, पाणी कमी पडलं तर त्याने उलट घट्ट होतं, सुट्टीच्या दिवशी चालेल. आणि कळ आली की शक्य तिथे दाबू नका. ड्रायव्हरदादांना एकदा सांगून ठेवा की मला पाच मिनिटं लागतील तेव्हा गाडी थांबवा, संकोच वाटेल, पण मार्चमध्ये किती दुखलं ते तुम्हाला माहीत आहे. दोन महिन्यांनी परत लिहा, काय जमलं आणि काय नाही ते.

मला भाकरी थापता येत नाही, नोकरीमुळे वेळही नाही. विकतची चालेल का? – एक वाचक, ठाणे

चालेल! पोळी-भाजी केंद्रातून आणताना विचारून घ्या की पीठ नुसतं ज्वारीचं आहे का, काही ठिकाणी तांदळाची पिठी बरीच मिसळतात, भाकरी पांढरीशुभ्र आणि मऊ लागली तर ते लक्षात येतं. घरी करायची असेल तर पीठ उकडून घ्या, उकळत्या पाण्यात मीठ घालून पीठ टाकायचं, झाकून पाच मिनिटं, मग मळून पोळीसारखी लाटता येते, तुटत नाही. पीठ ताजं घ्या, आठ-दहा दिवसांच्या पिठाची विरी जाते आणि मग भाकरी काठाला चिरते.